पाठीवरचं कुंकू

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून जबाब लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाशिकच्या सातपूरला आमची चाळीस माणसांची कंपनी होती. नाव सांगत नाही. आता ती नाही. मी टाइम ऑफिसचा क्लार्क. हजेरी, रजा, आणि कुणाचं भांडण झालं किंवा कुणाचं बोट कापलं, की जबाब.

जबाब ‘मी’ म्हणून लिहायचा असतो. समोरचा म्हणतो, “त्यो आला, मंग म्या त्याला बोल्लो.” मी लिहितो, ‘तो आल्यावर मी त्याच्याशी बोललो.’ शेवटी ठरलेली ओळ, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ खाली सही किंवा अंगठा. अकरा वर्षांत माझ्या एकाही जबाबावर हरकत आली नाही. मल्हारी फिटर म्हणायचा, “भाऊसाहेब, तुमी लिवलं का ते माझ्यापेक्षा माझंच जास्त वाटतं.”

यात माझी हुशारी कमी, आईची शिकवण जास्त. आई कळवणकडची. जात्याशी बसली, की ओवी आपोआप यायची. आमच्या शेजारच्या भागीबाईला भाऊ नव्हता, तरी ती भावाची वाट बघत गायची, आणि गाताना तिच्या डोळ्यांना खरंच पाणी यायचं. मी आईला विचारलं होतं, ही खोटं का गाते? आई म्हणाली, “जात्यावर ‘मी’ म्हणजे कोण, ते विचारायचं नसतं, बाळा. जी बसली, ती.”

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं मी जसंच्या तसं सांगणार आहे.

एकोणऐंशी साल. आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा कापायचे सात प्रेस होते. खंडेनवमीला मेन स्विच बंद करून मशिनं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या. पूजेचं ताट माझ्याकडे असे. मी प्रत्येक प्रेसला, तिजोरीला, ट्रकच्या बॉनेटला कुंकवाचं बोट लावत जायचो. शेवटी मेनची खोली. ती इतकी अरुंद, की आत एकच माणूस मावतो. शॉपकडच्या भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर एक हातभर काच. त्या वर्षी कुंकू उरलं होतं, म्हणून काचेलाही बोट लावलं.

दसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली पाळी. त्या सकाळची आमची रीत होती, कुठं लिहिलेली नाही, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. ज्याचं मशीन, त्यानेच आपली माळ उतरवायची आणि मेनच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला आणून लावायची. खिळ्याला सात माळा झाल्या, की सातही मशिनांवरचे हात मोकळे. मग मेन टाकणाऱ्याने दाराशी नारळ फोडायचा आणि मेन टाकायचा, म्हणजे वीज चालू. मेन टाकायचं काम भिमाजीकडे होतं. शॉपमधला सगळ्यांत जुना माणूस.

त्या दिवशी खिळ्याला सात माळा होत्या. त्यातली एक मात्र टाइम ऑफिसच्या दारावरची होती. ती तिथे कशी गेली, हे चौकशीत निघालं नाही. चार नंबरच्या प्रेसची माळ अजून प्रेसवरच होती, चाकाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये अडकलेली. चार नंबर चालवणारा सहादू ती सोडवत होता. त्याने गळ्यातला रुमाल काढून खिशात खोचला, खांद्यापर्यंत हात आत घातला. चार नंबरचं बटण खंडेनवमीपासून चालूच राहिलं होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी मेन टाकला गेला.

मी त्या वेळी टाइम ऑफिसात उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे खुणा करत होतो. ओरडा ऐकून धावलो.

सहादू दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. तीस वर्षांचा होता. मागे फक्त आई, कुसाबाई, गावाकडे.

तिसऱ्या दिवसापासून मी जबाब घ्यायला बसलो. पहिला नाथा. तो सहादूच्या समोर, पाच नंबरवर होता. त्याला सहादूचा चेहरा दिसत असणार. तो बोलत गेला, मी लिहीत गेलो. मध्येच म्हणाला, “त्याच्या पाठीवर लाल ठिपका व्हता, भाऊसाहेब. मधोमध.”

“पाठीवर? तू तर समोर होतास.”

“व्हय की. पर दिसला मला. तो वाकला, आन ठिपका तिथंच ऱ्हायला. वर. हवेत.”

घाबरलेला माणूस काहीही बोलतो. मी लिहून घेतलं.

दुसरा पुंजाराम, गेटवरचा वॉचमन. तो शेडमध्ये नव्हताच; ट्रक आत घेत होता. त्याचा जबाब चार ओळींचा व्हायला हवा होता. तो म्हणाला, “पाठीवर लाल ठिपका दिसला. तो वाकला, ठिपका जागीच.”

“नाथानं सांगितलं का तुला?”

“नाथ्याशी मी बोलत नाय. त्यानं माझी छत्री हरवली, दोन वर्सं झाली.” मग तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, “आन माझा हात वला व्हता.”

“कशानं?”

“काय की. नारळाच्या पान्यानं असंल.”

पुंजारामने त्या दिवशी नारळ फोडला नव्हता. मी तरी लिहिलं. ऐकलेलं गाळायचं नाही, हा माझा नियम.

तिसरा मल्हारी. तो तेव्हा मागच्या नळावर तोंड धूत होता. एरवी मला चिडवल्याशिवाय खुर्चीवर बसायचा नाही. त्या दिवशी त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लाल ठिपका. वाकला तरी जागीच. ओला हात. आणि आणखी एक, “मुठीतून मेनचा दांडा सटकत व्हता. म्हनून म्या दोनी हातांनी दाबला.”

“तू दाबलास? नळावरून?”

“नाय ओ. म्या कशाला दाबू?” तो रडकुंडीला आला. “तुमी विचारलं, मंग त्वांडातून आलं. वाचा बरं परत.”

मी वाचून दाखवलं. त्याने टोपी परत डोक्यावर घातली आणि म्हणाला, “बरोबर हाय.”

मी विचार करणारा माणूस आहे. सहादूचा शर्ट पोलिसांकडून आला होता. तो मी पालथा करून पाहिला. पाठीवर काहीच नव्हतं. मग ठिपका कुठला? दुपारच्या सुट्टीत मी मेनच्या खोलीत गेलो आणि काचेसमोर उभा राहिलो. चार नंबरचा प्रेस बरोबर समोर. तिथे नाथा झाडत होता, माझ्याकडे पाठ करून. आणि त्याच्या पाठीच्या मधोमध लाल ठिपका.

तो वाकला. ठिपका जागीच राहिला.

काचेवरचं कुंकू ते. किती सोपं! मला समाधान वाटलं. ठिपका दिसणारी जागा शेडमध्ये एकच, आणि तिथे मेन टाकणाराच उभा असणार. कोडं सुटलं होतं. तिघांनी तिथे उभं न राहता ते कसं पाहिलं, एवढंच उरत होतं. पण ते चौकशीच्या विषयात बसत नव्हतं.

काच धुळीने भरली होती. मी रुमालाने पुसून टाकली.

भिमाजीचा जबाब शेवटी. तो सहादूच्याच गावचा. त्यानेच त्याला कंपनीत चिकटवलं होतं. टेबलाशी उभाच राहिला.

“बस ना, भिमाजी.”

“बसतो. आदी लिवा. म्या सहा मोजल्या. सहाच. सातवीची वाट बघत शेडच्या भाईर कट्ट्यावर तमाखू मळत व्हतो. मेन म्या टाकला नाय.”

“मग कुणी टाकला?”

“ते म्या पाह्यलं नाय, तर कसं सांगू?” तो टेबलावर वाकला. “पर मेनच्या खोलीची किल्ली म्या घेतलीच नव्हती, भाऊसाहेब. ती हितं व्हती. तुमच्या टेबलावर. येवढं लिवा.”

मी लिहीत होतो.

“नोकरी गेली तर जाऊंद्या,” तो म्हणाला. “जेल बी भोगतो. पर कुसामावशीला वाटतंय, म्या तिचा ल्योक मारला. तिच्या म्होरं कोंच्या तोंडानं जाऊ? कागदावर खरं आलं, तर तिला वाचून दावता यील.”

त्याला ठिपक्याचं विचारलं. चौघांत तो एकटाच म्हणाला, “कसला ठिपका?”

मी जबाब वाचून दाखवला. तो मान हलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “आन किल्लीचं?”

“ते आहे आत.”

त्याने अंगठा उठवला. किल्ली नेहमी माझ्या टेबलावरच असायची; त्यात सांगण्यासारखं काय होतं? अनावश्यक मजकुराने जबाब कमजोर होतो.

चौकशी अधिकाऱ्यांनी चार जबाब वाचले आणि माझ्या अक्षराची तारीफ केली. निर्णय आठ दिवसांत आला. भिमाजीने माळा न मोजता मेन टाकला. कामावरून काढलं, पुढचं पोलीस बघतील.

त्याच सकाळी कुसाबाई आली. कंपनीकडून मुलाचे कपडे आणि डबा न्यायला. एवढीशी बाई, विटकं लुगडं, पायांवर कळवणची तांबडी धूळ. नाशिकला आयुष्यात पहिल्यांदा आली होती. शेड तिने पाहिली नव्हती. गेटमधून सरळ टाइम ऑफिसच्या पायरीपाशी आली आणि डबा मांडीवर घेऊन बसली. भिमाजी हिशेब घ्यायला आलेला. तिला बघून भिंतीला टेकला. माणसं जमली.

आमच्याकडे बायका रडतात, त्या हेल काढून, ओवीत रडतात. तिने डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. आणि सूर लावला. माझ्या आईचा सूर. जात्यावरचाच.

काचेच्या आडून गं, कोण पाहतो वाकून
बाळाच्या पाठीवर कुंकू ठेविलं टाकून

नाथा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझी बाही धरली.

झेंडूच्या माळा सहा, दारीची गं सातवी
वल्या हाताची घाई, बाई, माघारी आठवी

पुंजारामने आपला उजवा हात धोतराला पुसला. मल्हारीनेही. मी पाहिलं.

कुसाबाई उठली. भिमाजीपाशी गेली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. “चल,” म्हणाली. “गाडी चुकंल.”

“मावशी, म्या नाय…”

“माहिती हाय रे. चल.”

जाताना ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, काही विचारेल. तिने नुसतं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, उंची मोजल्यासारखं. मग दोघं गेटबाहेर पडली.

कोर्टात भिमाजीला दीड वर्षाची शिक्षा झाली. माझे जबाब तिथेही टिकले.

नंतर मी नोकरी सोडली. त्याला काही कारण नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. मोटार, पट्टा, चाक. जात्याचंच काम, फक्त ओवी नाही. आजूबाजूचे लोक दळण देतात आणि माझ्याशी दोन गोष्टी बोलतात. मी सांगितलेलं लोकांना पटतं.

हे सगळं मी आज सांगायला घेतलं, त्याचं कारण परवाचं. सत्त्याऐंशीचा दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. दार उघडण्याआधी गिरणीची माळ उतरवायची होती. फुलं चाकात अडकली होती. मी गळ्यातला रुमाल काढून खिशात खोचला आणि हात आत घातला.

गिरणीचं बटण आतल्या बाजूला आहे, मधल्या दाराशी. दाराला काच आहे.

“अहो,” काचेआडून बायकोचा आवाज आला. मालन माझी कमी बोलते. “सदऱ्याला मागं कुंकू कुठं लागलं?”

“नाही लागलेलं.”

“आहे की. मधोमध.”

मी आणखी वाकलो. फुलं हाताला लागत होती.

“अगंबाई,” ती म्हणाली. “तुम्ही वाकलात, अन् ते तिथंच राहिलं.”

माझा हात खांद्यापर्यंत आत होता. मी हललो नाही.

“मालन,” मागे न वळता मी विचारलं, “तुझा हात ओला आहे का?”

काचेआड बांगड्या वाजल्या.

“आत्ताच नारळ फोडला ना,” ती म्हणाली. “पण तुम्हाला कसं कळलं?”