बाईंचे दहा सेकंद

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातला एकही शब्द पदरचा नाही.

हे घडलं शनिवारी, भर दुपारी, शाळेच्या प्रोजेक्टरच्या खोलीत. समोर चाळीस मुलं, दोन अधिकारी... आणि माझे मामा.

मामा गणिताचे शिक्षक. हुशार माणूस, पण जात आयत्या बिळावरच्या नागोबाची.

त्याच शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. आजारपणात अंथरुणावर बसून, खोकत खोकत त्यांनी मुलांसाठी व्हिडिओ धडे बनवले. पडद्यावर फक्त आकडे लिहिणारा हात आणि त्यांचा आवाज. प्रत्येक प्रश्नानंतर त्या म्हणायच्या, "सांगा बघू..." आणि दहा सेकंद गप्प बसायच्या.

"कच्च्या पोराला तेवढा वेळ लागतोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेवटचा धडा झाला आणि आठवड्याभरात बाई गेल्या.

मामांनी ते धडे उचलले. बाईंचं नाव काढलं. आवाज पुसून स्वतःचा भरला. आणि ते दहा सेकंद... धड्याधड्यातून कापले गेले.

"नुसता वेळखाऊपणा!" मामा म्हणाले.

धडे अधिकाऱ्यांना आवडले की सगळ्या शाळांत जाणार होते आणि मामा मुख्याध्यापक होणार होते. माझ्या आईला हे बिलकूल पटलं नव्हतं.

"दादा, मेलेल्या बाईच्या तोंडचं काढून घेतोयस. पचेल का तुला?"

"तिला आता काय करायचंय?"

तर तो शनिवार. धडा सुरू झाला. मामांचा आवाज खोलीत घुमला. पहिला प्रश्न आला...

आणि आवाज थांबला.

पडद्यावरचा हात जागच्या जागी थांबला. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याची घरघरसुद्धा ऐकू येईना.

मामांनी माउस आपटला. उपयोग शून्य. पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद मात्र पुढे सरकत होते.

एक... दोन... तीन...

दहाव्या सेकंदाला शेवटच्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिलं. वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी. उत्तर बरोबर होतं.

दुसरा प्रश्न. पुन्हा तेच. आता अर्ध्या वर्गाचे हात वर.

"कुणी सांगितलं हात वर करायला?" मामा खेकसले.

"बाई थांबल्यात ना, सर," पुढचा मुलगा म्हणाला.

अधिकारी खूश झाले. "थांबायची कल्पना झकास आहे, सर! कुणी बनवले हे धडे?"

मामांनी तोंड उघडलं...

आवाजच नाही.

नंतर त्यांनी वहीत लिहून दाखवलं. त्या क्षणी त्यांच्या गळ्याभोवती गार बोटं होती. कानाशी कुणीतरी खोकलं, आणि मग आकडे मोजू लागलं.

दहा मोजून झाले. बोटं सैल झाली. खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

मामा म्हणाले, "मी."

तो त्यांचा शेवटचा शब्द.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. मुख्याध्यापकपद गेलं. घाबरलेल्या मामांनी वरच्या ऑफिसला सगळं लिहून कळवलं. धड्यांवर बाईंचं नाव परत आलं.

आवाज आला नाही.

"राग नावाचा नाहीच," आई म्हणाली. "कच्च्या पोरांचा वेळ कापला, त्याचा आहे. बाई त्याला सोडायच्या नाहीत."

मला दरदरून घाम फुटला. कारण मामांना कॉम्प्युटरवरची कापाकापी जमतच नाही. ते सगळे दहा सेकंद शोधून शोधून कापले होते ते मी. मामांनी लिहून देताना माझं नाव तेवढं गाळलं.

परवा सकाळी चहा गाळता गाळता आईने विचारलं, "तुझा नव्हता ना रे यात हात?"

मी तोंड उघडलं...

गळ्याभोवती गार बोटं आली. कानाशी कुणीतरी खोकलं.

एक... दोन...

मला सगळं माहीत होतं. मामांचं काय झालं तेही माहीत होतं. तरी आईचा चेहरा बघून दहाव्या सेकंदाला माझ्या तोंडून निघालं, "नाही."

हे सगळं मी तुम्हाला तोंडी सांगत नाहीये. टाइप करतोय.