उंबऱ्यावर बसलेला बिरप्पा

सांगतो, पण मधे कुणी बोलायचं नाही. हे माझ्या चुलत्याच्या, महिपतीकाकांच्या बाबतीत घडलेलं आहे. मी पदरचं काही घालत नाही.

साल एकोणीसशे बत्तीस. सोलापुरात गड्ड्याची जत्रा, भोगीची रात्र. काका जत्रेतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचे. तिथं लागायचे ते सगळे मुके सिनेमे. संध्याकाळी ते स्टेशनवरून नव्या चित्राची पेटी घेऊन आले. लोक गेल्यावर रिळं तपासायची, एवढंच काम राहिलं होतं.

चित्राचा नायक होता बिरप्पा, दुधनीकडचा धनगर. तोंडभर देवीचे व्रण, एक डोळा तिरळा. सिनेमात कायम भिकारी नाहीतर चोर व्हायचा. मग एका दिग्दर्शकाला त्याच तोंडाची गोष्ट सुचली आणि बिरप्पा नायक झाला. पण चित्र पडद्यावर यायच्या आधीच तो पुण्यात भाड्याच्या खोलीत तापानं गेला. जवळ कुणी नव्हतं.

काकांनी मशीन सुरू केलं. बघतात तर पुढं, रिकाम्या जमिनीवर एक म्हातारी बसलेली. अंगावर घोंगडी.

"आजी, खेळ संपला. उद्या या."

"उद्या जमायचं न्हाय, बाबा. ह्यात माजा ल्योक हाय म्हनं. बिरप्पा."

काका थबकले. म्हातारी आपल्याशीच बोलावं तशी बोलत राहिली.

"घरातनं निघाला तवा मीच बोलले त्येला. तुजं असलं त्वांड कोन बगनार म्हनले. पुन्ना आला न्हाय."

काकांना तिला उठवावंसं वाटेना. ते हँडल फिरवत राहिले.

शेवटचं रीळ लागलं. बिरप्पाचं तोंड पडदाभर झालं. व्रण, तिरळा डोळा, सगळं.

"लई गोड दिसतंय की रं," म्हातारी म्हणाली.

मग घर दिसलं. उंबऱ्याच्या मधोमध बिरप्पा बसलेला. एकटा. कुणाची तरी वाट बघत...

म्हातारी उठली.

पडद्याकडं चालू लागली.

"आजी, तिकडनं वाट न्हाय..."

ती थांबली नाही. मशीनचा उजेड तिच्या पाठीवर पडला.

पडद्यावर सावली पडली नाही.

दिवा गेला.

काकांनी चाचपडत कंदील लावला. तंबूत कुणी नव्हतं. दाराची दोरी आतून बांधलेली.

सकाळी जत्रेत घोंगड्या विकायला आलेला दुधनीचा सिद्धनाथ भेटला. काकांनी त्याला बिरप्पाच्या आईबद्दल विचारलं.

"गोजरबाई व्हय? पोरगं गेल्याचा सांगावा आला, तवापास्नं अन्नाला शिवली न्हाय. तिला माती दिऊन वरीस झालं की."



त्या रात्री तंबू भरला. काका हँडल फिरवत होते. शेवटचं रीळ आलं. लोक गप बसून बघत होते. त्यांना काय ठाऊक...

घर तेच. उंबरा तोच.

बिरप्पा मधोमध नव्हता. एका कडेला सरकून बसला होता. शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून.