पिवळ्या मुळीचं इमान

"माझ्या पेशी मेल्या हो!" दारातूनच ती बाई म्हणाली, आणि भाच्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

"आधी बसा," आत्या म्हणाली. "माणूस कुणी मेलेलं नाही ना?"

"नाही. पण शुक्रवारी सकाळी दहाला माझी अब्रू जाईल. आज मंगळवार."

आत्याने तीस वर्षं एका कारखान्यात आलेला माल तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ती माणसं तपासायला लागली. भाचा पासपोर्टचे फोटो काढायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की, म्हणजे बहुतेक रोज, गळ्यात कॅमेरा अडकवून आत्याच्या मागे फिरायचा. वय पंचेचाळीस. आत्याच्या लेखी अजून चौथीतच होता.

बाई संशोधक होती. तिने पाणी पिऊन सगळं सांगितलं.

"चिनी वैद्यकात हुआंग-छिन नावाचं एक औषध आहे. आमच्या घरात त्याला नुसतं पिवळी मुळी म्हणतात. आमचं मुळ्यांचं दुकान चार पिढ्यांचं. ही मुळी पेशींना वाचवते का, ते मी दोन वर्षं तपासतेय. काचेच्या ताटलीत पेशी वाढवायच्या आणि वर पेरॉक्साइड सोडायचं. शंभरातल्या सत्तर मरतात. आधी मुळीचा अर्क दिला, तर जेमतेम वीस मरतात. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तेच."

"आणि बाराव्या वेळी?"

"समितीसमोर केलं. साठ मेल्या. समिती म्हणते, आधीचे आकडे मी रचले. शुक्रवारी निकाल. माझं काम तर बंद होईलच, पण बाबांच्या दुकानालाही लोक खोट्याचं दुकान म्हणतील. कुणीतरी मुळी बदललीय. कोणी, ते शोधा."

"बदललीय की नाही, ते आधी शोधू," आत्या म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

प्रयोगशाळेत सगळं पांढरंशुभ्र होतं. दर प्रयोगाला दुकानातून नवी बरणी यायची. बाईने बारावी पुढे केली, तळाशी थोड्या चकत्या उरलेली. झाकणाच्या कडेला तुटलेल्या लाखेचे तुकडे होते आणि एका तुकड्यावर अंगठ्याचा ठसा.

"बाबांचा," ती म्हणाली. "बरणी भरली की गरम लाखेवर अंगठा. हीच आमची सही. लाख समितीने स्वतः फोडली, आणि अर्कही त्यांच्या डोळ्यांदेखत झाला."

बाईची सहायिका रडून लाल झाली होती. तिची वही मात्र इतकी नेटकी की पाहणाऱ्याला आपल्या अक्षराची लाज वाटावी. अकरा प्रयोगांसमोर लिहिलं होतं, 'अर्क : पिवळा'. बाराव्यासमोर होतं, 'हिरवट तपकिरी'.

"हे ताईंना सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. विभागप्रमुख म्हणाले, हिरवं म्हणजे ताजं. पाहुण्यांसमोर नसत्या शंका काढू नकोस."

भाच्याने आत्याला कोपराने ढोसलं.

विभागप्रमुख टक्कल पुसत भेटले. "मुळ्यांनी पेशी वाचत असत्या, तर मी बिऱ्हाड भाजी मंडईत हलवलं असतं."

"हिरवं म्हणजे ताजं, हे कुठे शिकलात?"

"मंडईतच! मला मुळ्यांतलं काय कळतंय? मी यंत्रांचा माणूस."

बाहेर आल्यावर भाचा कुजबुजला, "चोर हाच. टकलावरून कळतं."

"तुला पण पडतंय," आत्या म्हणाली. "उरलेल्या चकत्यांचे फोटो काढ."

अकराव्या बरणीतल्या चकत्या तिरप्या होत्या, एक जाड तर एक पातळ. बाराव्या बरणीतल्या अगदी गोल, एकसारख्या, नाण्यांच्या चळतीसारख्या. भाच्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि जीभ चावली.

"आत्या, कॅमेरा बिघडला वाटतं. या दुसऱ्या चकत्या हिरव्या दिसतायत."

"दुरुस्तीला टाकू नकोस," आत्या म्हणाली. "सध्या तुझ्यापेक्षा तोच शहाणा आहे."

दुकानाची भिंत लहान लहान खणांनी भरली होती. प्रत्येक खणाला पितळी कडी, घासून घासून सोन्यासारखी झालेली. गल्ल्यामागे बाबा बसले होते. वय ऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, पाठ ताठ. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी अंगावर शाल होती.

"माझी मुळी खोटी निघाली म्हणतात," ते म्हणाले. "चौसष्ट वर्षं मी हे करतोय. आधी वाफ, मग सुरी. बाराव्या बरणीची मुळीही माझ्याच हातची."

"वाफच का द्यायची? भिजवूनही मऊ होईल की."

म्हाताऱ्याची मान झटकन वर आली. "भिजवायची नाही! माझे वडील सांगायचे, थंड पाण्यात मुळी इमान सोडते."

"का सोडते?"

"त्यांना विचारायची छाती कुणाची होती?"

सुनेने चहा ठेवला. आत्याचा संपला, भाच्याचे दोन संपले. बाबांच्या कपावर साय धरली, तरी हात शालीबाहेर आले नाहीत.

"गार करूनच पितो मी," ते म्हणाले.

मुलगा, म्हणजे संशोधकबाईंचा धाकटा भाऊ, त्यांना मागची खोली दाखवायला घेऊन गेला. त्याच्या नखांच्या कडा हिरव्या होत्या. आत्याची नजर पडताच तो म्हणाला, "खिडक्या रंगवत होतो."

खिडक्या तपकिरी होत्या, आणि रंगाचे पोपडे निघालेले होते.

वाफेचं मोठं पातेलं चुलीवर होतं. आत्याने झाकण उचललं. आत कोळ्याने निवांत संसार थाटला होता. कोपऱ्यात टेबलावर चादर टाकलेलं काहीतरी होतं. त्याला जाड वायर होती, आणि खाली पिवळी भुकटी सांडलेली.

"बायकोचं शिलाई यंत्र," मुलगा घाईने म्हणाला.

"छान. मला त्या पोत्यातल्या दोन कच्च्या मुळ्या द्या."

घरी आल्यावर आत्याने एक मुळी कुकरमध्ये तासभर वाफवली. मग दोन्ही मुळ्यांचे तुकडे करून दोन वाडग्यांत थंड पाण्यात टाकले.

"भाजी करतेस?" भाच्याने विचारलं.

"न्याय करतेय. वाडग्यांना हात लावशील तर खबरदार."

बुधवारी दुपारी सगळे दुकानात जमले. विभागप्रमुख घड्याळ बघत होते, सहायिका वही छातीशी धरून बसली होती. गल्ल्यावर झाकलेले दोन वाडगे होते.

"पहिली गोष्ट," आत्या म्हणाली. "मुळी कुणीही बदललेली नाही. लाख समितीने फोडली आणि अर्क त्यांच्यासमोर झाला. म्हणजे प्रयोगशाळेतल्या कुणाला संधीच नव्हती. विभागप्रमुख, तुम्ही सुटलात."

"आभारी आहे," विभागप्रमुख म्हणाले. भाच्याचा चेहरा पडला.

"म्हणजे गडबड झाली ती लाख लागण्याआधी, या घरात. मुळी तीच, पोतं तेच. मग रंग का बदलला?" तिने झाकणं काढली. "दोन्ही कालपासून पाण्यात आहेत. फरक एवढाच, की ही आधी वाफवली."

एका वाडग्यातली मुळी पिवळीधमक होती. दुसऱ्यातली शेवाळासारखी हिरवी पडली होती.

संशोधकबाईंनी कपाळावर हात मारला. "एन्झाइम! मुळीत एक एन्झाइम असतं. थंड पाण्यात ते जागं होतं आणि औषधी द्रव्य फोडतं. फुटलेलं द्रव्य हवेशी झुंजत बसतं आणि हिरवं पडतं. जी ताकद पेशींसाठी लढायची, ती भिजवण्याच्या परातीतच संपते. वाफ दिली की एन्झाइम मरतं आणि द्रव्य शाबूत राहतं. अर्कावर दोन वर्षं डोकं फोडलं मी, पण मुळी कशी तयार होते ते कधी बघितलंच नाही. बाबा करतात म्हटल्यावर बघायचं काय!"

"चूक माझी," बाबा एकदम बोलले. "वय झालं. मीच भिजवली. बाकी कुणाचा संबंध नाही."

"बाबा, खोटं बोलायची तुम्हाला सवय नाही," आत्या हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या सुरीच्या चकत्या तिरप्या पडतात. बाराव्या बरणीतल्या सरळ आणि एकाच जाडीच्या आहेत. माणसाचा हात तशा कापत नाही, यंत्र कापतं. चादरीखालचं यंत्र कपडे शिवत असेल, तर खाली दोऱ्यांऐवजी मुळीची भुकटी का? पातेल्यात कोळ्याचं घर झालंय, म्हणजे कित्येक दिवसांत वाफ निघालेली नाही. आणि खिडक्यांना नसलेला रंग नखांना कसा लागला?"

मुलाने खाली मान घातली.

"आणखी एक गोष्ट मला दिसली होती," आत्या म्हणाली. "पण ती सांगणं माझं काम नाही."

"मी सांगतो," मुलगा म्हणाला. "सहा महिने झाले, बाबांचे हात थरथरतात. सुरी धरवत नाही. मला म्हणाले, ताईला कळता कामा नये, तिचं काम अडेल. जुन्या चकत्या अकराव्या बरणीला संपल्या. म्हणून मी यंत्र आणलं. वाफवलेली मुळी पात्याला चिकटते, यंत्र अडतं. भिजवलेली झरझर कापली जाते. बाबांनी विचारलं, वाफ दिलीस ना? मी हो म्हणालो. त्यांना रंग दिसत नाही. त्यांनी माझ्या शब्दावर अंगठा ठेवला. ताई, वाफेनं एवढा फरक पडतो हे मला खरंच माहीत नव्हतं गं."

"माहीत कसं असणार?" म्हातारा पुटपुटला. "मलाच कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राने कापलंस हे ठाऊक होतं मला. भिजवलीस हे नव्हतं."

त्याने हात शालीबाहेर काढले आणि सगळ्यांसमोर गल्ल्यावर ठेवले. पानांसारखे थरथरत होते. बाईंनी ते आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्या संध्याकाळी पातेल्यातला कोळी बेघर झाला. बाबा खुर्चीवर बसून सांगत होते आणि मुलगा सुरीने कापत होता. "तिरपं धर. अरे, तिरपं! लाकूड तोडतोयस का?" शिव्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होत्या, आणि भाच्याला वाटलं, म्हातारा दहा वर्षांनी तरुण झालाय.

गुरुवारी समितीतल्या एका माणसाला शेजारी बसवून प्रयोग झाला. शुक्रवारी दहा वाजता बाईंनी दोन ताटल्या समितीपुढे ठेवल्या. भिजवलेल्या मुळीच्या ताटलीत शंभरातल्या एकोणसाठ पेशी मेल्या होत्या. वाफवलेल्या मुळीच्या ताटलीत एकोणीस.

"बारावा प्रयोग वगळायला आमची हरकत नाही," समितीच्या अध्यक्ष म्हणाल्या.

"माझी आहे," बाई म्हणाल्या. "तो वहीत राहील, हिरव्या रंगासकट. अकरा वेळा मी मुळीची ताकद मोजली. बाराव्या वेळी, नकळत, माझ्या आजोबांचं वाक्य मोजलं. दोन्ही खरं निघालं."

अध्यक्ष खुर्चीतून उठल्या, मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यापाशी गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "आम्हाला यंत्रांनी जे आज कळलं, ते तुमच्या घराला चार पिढ्या ठाऊक होतं." भाच्याने तो फोटो काढला. हात हलल्यामुळे थोडा धूसर आला.

"मंडईत जागा बघायला हवी," विभागप्रमुख पुटपुटले.

दुपारी दुकानात तेरावी बरणी भरली गेली. सुनेने लाख वितळवून झाकणाच्या कडेला ओतली. सगळे बाबांच्या अंगठ्याची वाट बघत होते.

"यंत्र टाकून देऊ ना?" मुलाने विचारलं.

"महागाचं यंत्र टाकतोस कशाला? वाफ दे, वरवर सुकू दे, मग घाल यंत्रात. चिकटायची नाही. मला विचारलं असतंस, तर तेव्हाच सांगितलं असतं." म्हाताऱ्याने बरणी जवळ ओढली. "आणि का ते विचारत जा. मी नाही विचारलं. आता ताई सांगेल."

मग त्याने थरथरत्या हाताने मुलाचा हात धरला आणि त्याचा अंगठा कोमट लाखेवर दाबला.