मातीतला कर्ब कोणी नेला?

"तुमचं यंत्रच बिघडलंय!" काका फोनवर कडाडले. "सात वर्षं शेताला नांगर लावला नाही, आणि कर्ब घटला म्हणे!"

माती तपासणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. तोच नमुना त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला होता. वरच्या थरातला सेंद्रिय कर्ब खरंच निम्म्यावर आला होता. वरिष्ठांनी बजावलं होतं, कारण सापडलं नाही तर विनानांगरणीचा हा प्रयोग बंद. म्हणजे बाईंची सगळी मेहनत मातीत.

दुपारी त्या शेतावर पोचल्या. शेतभर गव्हाचं काड पसरलेलं होतं. काका काळा चष्मा लावून बांधावर बसले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, धुळीत जायची मनाई. काकू काड तुडवत अनवाणीच चहा घेऊन आल्या.

"शेतात नांगर कोणी फिरवला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या शेतात? कोणाची टाप आहे!"

"शेजारचा ट्रॅक्टरवाला?"

"त्याला फाटकाच्या आत बंदी आहे."

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा?"

"ही होती की घरी."

"चहा गार होतोय," काकू म्हणाल्या.

बाईंनी वैतागून नमुन्याची नळी जमिनीत खुपसली. एरवी हातोडा लागायचा. आज नळी सहज गेली. बाहेर आली तर वर फिकट माती, आणि वीतभर खाली काळी माती, कुजकं काड.

"कर्ब कुठे गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "नांगरलं नाही की तो वरच साठतो. नांगराने वरची माती खाली पुरली, खालची वर आणली, आणि आम्ही तपासली फक्त वरची. आता उकरलेल्या मातीतला कर्ब हळूहळू हवेत उडून जाईल."

"पण हे केलं कोणी?"

"कापलेल्या गव्हाची धसकटं पायात घुसतात. इथे नांगरामुळे एकही उरलं नाही, पण काडाखाली ते दिसत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच इथे अनवाणी चालेल."

काका काकूंच्या पायांकडे बघतच राहिले.

"लेकीचे सासू-सासरे येणार होते," काकूंना रडू फुटलं. "सगळे म्हणतात, न नांगरलेलं म्हणजे आळशाचं शेत. मीच ट्रॅक्टर बोलावला. पाहुणे गेल्यावर तुमची भीती वाटली, म्हणून वर काड टाकलं."

"अगं, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

बाईंचा जीव नुसता जळत होता. कारण सापडलं, प्रयोग वाचला. पण हे शेत पुन्हा पहिल्या वर्षावर.

"मग? पाहुण्यांना आवडलं का शेत?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले. "अंधार पडल्यावर आले, उजाडायच्या आत गेले. शेत कुणी बघितलंच नाही."