रानकेळीचा कडा

सातपुड्यातल्या एका उभ्या कड्यावर रानकेळ पिकली होती. तिचं बी आणायला तिघं निघाले होते. चोपड्याकडच्या बागा मर रोगाने पिवळ्या पडून कोसळत होत्या. रुपचंदनानांची चार एकर बाग तर उभीच वाळली होती.

"आपली केळी बियांपासून होतच नाही, नाना," चढता चढता संघमित्रा सांगत होती. वनस्पतींच्या रोगांवर ती संशोधन करत होती. "कंदापासून कंद. सगळ्यांची जनुकं एकच."

"म्हंजे बठ्ठा बाग एकच झाड शे?"

"हो, सगळी बाग म्हणजे एकच झाड. म्हणून एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. रानकेळ तिची लांबची भावकी, दोघींचा पूर्वज एक. तिच्यात रोगाला तोंड देणारं काही उरलंय का, ते बियांत शोधायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटाड्या छगन थांबला. खाली खडकाच्या फटीत, वाळत चाललेल्या पानांआड घड लोंबत होता. त्याखाली शंभर फूट दरी.

अंजनाच्या बुंध्याला वेढा देऊन नानांनी दोर धरला. सर्वांत हलकी म्हणून संघमित्रा उतरली. पाय घसरला. दगड सुटला. घड वीतभर लांब राहिला, तोच कपारीतलं आग्या मोहोळ उठलं!

"ओढा!"

छगन दोराकडे धावला. माश्या नानांच्या तोंडावर बसल्या, डोळ्यांत शिरल्या. त्यांनी दोर सोडला नाही.

ती वर आली तेव्हा नाना कोसळले होते. छगनने ओलं गवत पेटवून धूर केला. माश्या पांगल्या. कडा शांत झाला.

"बी लई ये," नाना तिला पुन्हा खाली उतरायची खूण करत घरघरत म्हणाले. "माले काय व्हत नही."

त्यांचे ओठ निळे पडले होते. संघमित्राने एकदाच खाली घडाकडे पाहिलं, मग कमरेचा दोर सोडला आणि त्याचीच झोळी बांधली. पाच तास उतरून त्यांनी पाडा गाठला, तिथून जीपने दवाखाना.

नाना वाचले. उजवा डोळा गेला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ते झाड?"

"एकदा फळलं की मरतं, नाना."



"बी दरीत पडेल," दाराशी बसलेला छगन म्हणाला. "पाऊस झाला की खाली रोपं येतात. तिथं दोर लागत नाही."

नाना त्याच्याकडे वळले.

"तवय माले भी संगे लई चाला," ते म्हणाले. "एक डोया शे ना मना."