वाळ्याचा ओला पडदा

यातलं एक अक्षरही मी रंगवलेलं नाही. माझ्या वडिलांच्या, कुंडलिकरावांच्या बाबतीत हे सोलापुरात, भर दुपारी घडलं. १९७३ चा मे. दुष्काळाचा उन्हाळा.

वडील शेतीच्या एका नव्या प्रयोगशाळेत भांडार सांभाळायचे. इमारत मोठी नवलाची. पंखा नाही. छपरावरचा पाऊस जमिनीखालच्या टाकीत उतरायचा. त्या पाण्यावरून वारा खोल्यांत यायचा. खिडक्यांना वाळ्याचे पडदे. ते दिवसभर भिजवायला सिद्धम्मा होती. टाकीची किल्ली वडिलांकडे.

विजेशिवाय गारवा! पाहुणे वाहवा करून जायचे.

बाहेर माणसं घोटभर पाण्याला मोताद झाली होती.

एका दुपारी सिद्धम्मा म्हणाली, "आण्णा, सून बाळंत झालीया. घरात थेंब न्हाय. एक घागर देता का?"

"ते पाणी इमारतीचं हाय, बाई. सायेब काय म्हनतील?"

बादलीतलं उरलेलं पाणी तिनं पडद्यावर शिंपडलं आणि रिकामी घागर घेऊन लांबच्या विहिरीकडे निघाली.

वाटेतच कोसळली. उन्हानं गेली.

दोन दिवसांनी वडील भांडारात बसले होते. बाहेरून आवाज आला...

छप... छप...

ते धावत बाहेर आले. कुणीच नव्हतं.

टाकीला कुलूप. बादली कोरडी. आणि पडदा... निथळत होता.

आतून साहेब म्हणाले, "वा! आज काय छान गारवा आहे."

वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी कुणाला न विचारता टाकी उघडली. एक घागर तिच्या सुनेला पोचवली. दुसरी सिद्धम्मासाठी पडद्याखाली ठेवली.

संध्याकाळी पाहिलं... घागर काठोकाठ. पडदा ओलाच.

पाऊस येईपर्यंत रोज तसंच. तिनं त्यातला थेंबही घेतला नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," वडील म्हणायचे.

पुढे ते अंथरुणाला खिळले, तोही मे महिनाच. रोज दारात भरलेली घागर ठेवायला लावायचे. एका दुपारी लाईट गेली. ते घामानं तळमळत होते. तेवढ्यात खिडकीतून गार वारा आला...

वाळ्याच्या वासाचा.

आमच्याकडे वाळा नव्हता. खिडकीला साधा सुती पडदा. मी हात लावला...

ओला.

दारातली घागर भरलेलीच होती.

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तिला म्हण, पुरं आता. मला न्हाय सोसत."

मला ते म्हणवेना. वारा थांबला असता. वडील पुन्हा तळमळले असते.

त्या गारव्यात त्यांना झोप लागली, आणि लाज वाटत असूनही मी तो पडदा सारखा करून ठेवला.