दोघांचा कोरम

मारेनने चुकीचं दार उघडलं, आणि आत एक मुलगा रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होता.

"सर्व सदस्यांचं स्वागत," तो अगदी गंभीरपणे म्हणत होता. "कोरम नाही. सबब सभा तहकूब." आणि त्याने टेबलावर लाकडी हातोडी आपटली. टक्!

मग त्याला ती दिसली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला हो तो!

"मी… कुत्र्याचं लायसन्स…" मारेन पुटपुटली. टोपीवरचा बर्फ वितळून तिच्या पापणीवर आला होता, आणि त्यामुळे खोलीतला पिवळा दिवा, खुर्च्या, तो मुलगा, सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं हलत होतं.

"ते शेजारचं दार. पण खिडकी पाचलाच बंद झाली."

"आणि इथे… काय चाललंय?"

"सभा."

"एकट्याची?"

"हार्लो बेंड गावाची वृक्ष सल्लागार समिती म्हणजे आम्हीच," तो म्हणाला. "रस्त्याकडेच्या झाडांबद्दल नगरपरिषदेला सल्ला देतो. पगार शून्य. तीन जागा. अध्यक्ष ओपल मॅडम थंडी पडली की ॲरिझोनाच्या उन्हात पळतात, त्या मे महिन्यात उगवणार. एक जागा वर्षभर रिकामी. उरलो मी. वेस."

"मग वेस, घरी शेगडीपाशी बसायचं की!"

"सभा जाहीर केलेली असते ना. समजा, कुणी आलंच तर?" तो तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "आलंच की कुणीतरी."

आता सांगा, अशा वाक्यानंतर कुणाचे पाय दाराबाहेर पडतील?

मारेन विस्कॉन्सिनमधल्या या नदीकाठच्या गावात पानगळीच्या सुमारास आली होती. शाळेत छोट्यांना गाणं शिकवायची. सगळे हसून बोलायचे, हवापाण्याची चौकशी करायचे… आणि आपापल्या घरी निघून जायचे. चार महिने झाले तरी ती पाहुणीच. म्हणून वेस जेव्हा "जागा रिकामी आहे" म्हणाला, तेव्हा तिच्या आत काहीतरी टुणकन उठून बसलं.

"मला झाडांतलं काही कळत नाही हं."

"मिल स्ट्रीटवरची लिंडनची झाडं पाहिलीस? नवीन हॉटेलला पार्किंग हवंय, म्हणून उन्हाळ्यात ती अख्खी रांग तोडायची म्हणतायत. आमचा सल्ला गेला नाही तर गेलीच ती. ओपल मॅडमचं घर त्याच रस्त्यावर, त्यामुळे त्यांना या विषयावर मत देता येत नाही. म्हणजे मी, आणि अजून एक जण हवाच." त्याने हातोडी उगाच फिरवली. "फुलतात तेव्हा काय वास येतो माहितीये? मधासारखा… नाही, मध आठवल्यासारखा."

मारेनने दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. झाडांसाठी. फक्त झाडांसाठी!

मार्चमध्ये नगर कार्यालयात तिने उजवा हात वर करून शपथ घेतली. शपथ देणाऱ्या लोरेटा मॅडम तिथल्या जुन्या कारकून. शपथ संपली तसा त्यांनी चष्मा नाकावर ओढला.

"आता ऐका दोघं. तिघांच्या समितीत दोघं म्हणजे कोरम, सभेला पुरेशी माणसं. तुम्ही दोघं जिथे भेटाल आणि झाडांचा विषय काढाल, तिथे सभा भरली! आणि गावाला आधी न कळवता भरवलेली सभा म्हणजे बेकायदा. चोरून खलबतं चालायची नाहीत. कळलं?"

"म्हणजे बाहेर बोलायचंच नाही?" मारेनचा चेहरा उतरला.

"बोला की! झाडं सोडून काय वाट्टेल ते बोला. जग मोठं आहे."

आणि खरंच, जग केवढं मोठं निघालं…

बेकरीत भेटले, तर तो आईच्या हातच्या बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी करंज्यांबद्दल बोलला. नदीवर बर्फाच्या लाद्या फुटताना पाहिल्या, तर ती म्हणाली की लहानपणी तिला वाटायचं, नदी झोपेत दात खाते. तो होड्या बनवायच्या कारखान्यात होता. कपड्यांना नेहमी लाकडाचा भुसा, आणि तो झटकायचंही भान नाही.

"आज कामावर काय केलंस?" ती एकदा विचारून बसली.

"धोकादायक प्रश्न," तो म्हणाला. "होडी लाकडाची. लाकूड कशाचं?"

"अरे देवा! बोलू नकोस!"

"मी बोललोच नाही. तूच मनात आणलंस. गुन्हा तुझा."

शनिवारच्या बाजारात तर कहरच. "मी काल मिल स्ट्रीटवर एका उंच मुलीला भेटले," मारेन कुजबुजली. "अंगावर नवीन हिरवे कपडे, हात आभाळात…"

"शू! लोरेटा मॅडम मागे कांदे निवडतायत!"

"मला सगळं ऐकू येतंय," कांद्यांच्या ढिगाऱ्यामागून आवाज आला. दोघं पळत सुटले, हसून हसून पोट दुखेपर्यंत.

मे महिन्यात एका संध्याकाळी ते पुलावर उभे होते. वारा आला. वेस तिच्याकडे बघत राहिला, त्याचा हात अर्धा उठला आणि तिथेच थांबला.

"तुझ्या केसांत… काहीतरी आहे."

"काय आहे?"

"सांगता येत नाही. कायद्याने."

तिने डोळे मिटून घेतले. त्याने ते पान इतकं अलगद काढलं, जणू केसांत पाखरू झोपलंय. पाण्याचा आवाज तेवढा वाढला. आता हा बोलेल, तिला वाटलं… आता… पण तो म्हणाला, "मेन राज्यातून बोलावणं आलंय. समुद्रावरच्या होड्यांचा मोठा कारखाना."

"अरे वा!" ती म्हणाली. किती वाईट होतं ते 'अरे वा'! तिचं तिलाच ऐकवेना.

मग जूनची सभा आली. लिंडन फुलली होती, वास थेट सभेच्या खोलीत शिरलेला. दारावर सभेचे विषय लावले होते. मारेनने सहज शेवटची ओळ वाचली. 'विषय सहावा: रिक्त जागा. एका सदस्याचा राजीनामा.'

ओपल मॅडम? त्या तर उन्हाने तांबूस होऊन, नवा गॉगल डोक्यावर चढवून खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. म्हणजे…

"तू जातोयस?" ती शेजारी बसता बसता कुजबुजली.

"मारेन, आत्ता नाही—"

टक्! ओपल मॅडमनी हातोडी आपटली. "पोरांनो, कुजबुज बंद. सभा सुरू."

लोकांमधून एकटे ग्रूबर उठले. मिल स्ट्रीटवरच राहणारे, कपाळावर कायमची आठी. "ती झाडं माझ्या गाडीवर चिकट थेंब गाळतात! दर उन्हाळ्यात! तोडा एकदाची!"

"गाडी दोन हात पुढे लावा," ओपल मॅडम म्हणाल्या. "मला यावर मत नाही, पण जीभ आहे. मारेन, तुझं काय म्हणणं?"

मारेन उभी राहिली. बोलायचं पाठ करून आली होती, पण सगळं विसरली. "मला इथे येऊन वर्षही झालं नाही," ती म्हणाली. "पण मे महिन्यापासून मी रोज वाट वाकडी करून त्या रस्त्याने शाळेत जाते. माझी शाळेतली मुलं तिथे पोचली की आपोआप हळू चालतात. कुणी न सांगता. गाडी धुता येते हो, ग्रूबर काका… पण अशी सावली पुन्हा करायची म्हटली तर आपण कुणीच ती बघायला उरणार नाही." तिने वेसकडे पाहिलं नाही. "कुणी गाव सोडून गेलं, तरी ती राहायला हवीत. माझं मत, झाडं ठेवा."

"माझंही," वेस म्हणाला.

दोन मतं. सल्ला मंजूर. नगरपरिषदेला आता या दोघांना ओलांडून कुऱ्हाड चालवणं जड जाणार होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मारेनला मात्र रडू येत होतं.

"विषय सहावा," ओपल मॅडम म्हणाल्या. "वेस, राजीनामा का रे बाळा? मेनला चाललास?"

"नाही. मेनला नाही म्हणून कळवलं."

"मग?"

वेस उठला. हातोडी नव्हती, म्हणून पेनच फिरवत राहिला. "नियम आहे, मॅडम. एका घरात राहणारे दोघं एका समितीत बसू शकत नाहीत."

"कुठलं घर? तू तर होड्यांच्या कारखान्याच्या माडीवर एकटा राहतोस!"

"अजून नाहीये ते घर." तो मारेनकडे वळला. "पण मला रोज दिसतं. त्यात एक मुलगी असते, ती सकाळी गुणगुणते आणि… मारेन, मी घाई करत नाही. नुसतं तुझ्याबरोबर चालायलाही मला वर्षानुवर्षं चालेल. पण उद्या कधी ते घर झालंच, तर या खुर्चीमुळे अडायला नको. तू इथे बस. ही जागा तुला शोभते."

ग्रूबर खाकरले. "हे विषयात बसतं का?"

"रिक्त जागा!" ओपल मॅडम गरजल्या. "चोख बसतं! आणि ग्रूबर, एवढी कळकळ आहे तर पुढच्या महिन्यात या जागेसाठी अर्ज करा. वाद घालायला मला कुणीतरी हवंच." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तर ठराव असा… पोराचं प्रेम आहे. कुणाचं अनुमोदन?"

खिडकीतून एक मधमाशी गुणगुणत आत आली. मारेनने हात वर केला. तिने तो वरच ठेवला.

"माझं," ती म्हणाली.

कोपऱ्यात सभेचं रेकॉर्डिंग करणाऱ्या लोरेटा मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नीट आलं नाही गं," त्या म्हणाल्या. "गावाला ऐकू जायला हवं. पुन्हा म्हण."

आणि मारेनने पुन्हा म्हटलं. मोठ्याने.